पेन ड्राइव्हमधली मुंज टीव्हीवर कशी दिसेल?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



या व्याख्यानमालेत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गुडघ्यांचे व्यायामही झाले. त्या मानाने माझा विषय किरकोळ वाटेल. मोबाइलमधल्या किंवा संगणकातल्या व्हिडिओच्या फाइली आपल्या घरच्या डीव्हीडी प्लेअरवर चालतील अशा कशा करून घ्यायच्या, हे मी आज सांगणार आहे. मी संगणक इंजिनिअर नाही. सारी नोकरी बँकेत झाली. निवृत्तीनंतर हा छंद लागला आणि हळूहळू सगळ्या विंगमधून फाइली आणि कॅसेटी माझ्याकडे येऊ लागल्या. तेव्हा जे सांगतो ते हाताने केलेलं सांगतो.

तरुण मंडळींचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. "काका, आता डीव्हीडी कोण बघतं? यूट्यूबवर टाका, नाहीतर मोबाइलवर पाठवा." प्रश्न रास्त आहे. दुकानातसुद्धा डीव्हीडी प्लेअर आता मागून घ्यावा लागतो. पण सी विंगमधल्या एका आजींचं उदाहरण सांगतो. वय ८४. नातवाची मुंज न्यू जर्सीत झाली, तब्येतीमुळे आजींना जाता आलं नाही. मुलाने आठवणीने सगळा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये घालून पाठवला. आजींच्या प्लेअरला पेन ड्राइव्हची खाच होती, पण लावल्यावर पडद्यावर "अनसपोर्टेड" एवढंच आलं. पुढे महिनाभर जो घरी येईल तो त्याच्या लॅपटॉपवर पाच-दहा मिनिटं दाखवायचा, मग त्याला जायची घाई असायची. आजी मला म्हणाल्या, "मला माझ्या खुर्चीत बसून, माझ्या वेळेला बघायचंय हो. कुणाला बोलवायला नको."

मंडळी, आजच्या विषयाचं सार या वाक्यात आहे. डिस्क घालायची आणि प्ले दाबायचं, एवढं आपल्या वयाच्या सगळ्यांना येतं. बघणाऱ्याला जे यंत्र एकट्याने चालवता येतं, त्या यंत्राला समजेल अशा रूपात व्हिडिओ देणं म्हणजेच रूपांतर.

आता प्लेअरने पेन ड्राइव्ह नाकारला का, ते बघू. व्हिडिओची फाइल म्हणजे पाकिटात घातलेलं पत्र समजा. फाइलच्या नावाच्या शेवटी एव्हीआय, एमपी-फोर, एमकेव्ही अशी जी अक्षरं असतात, ते झालं पाकीट. आतलं चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने लिहिलेले असतात, ती झाली पत्राची भाषा. तिला कोडेक म्हणतात. पाकीट ओळखीचं असलं म्हणून आतली भाषा वाचता येईलच असं नाही.

डीव्हीडी बाजारात आली १९९६ साली, प्रथम जपानमध्ये. त्या वेळी ठरलेली तिची भाषा एमपेग-टू. साधा डीव्हीडी प्लेअर आजही चित्रासाठी तीच भाषा वाचतो. फार तर जुन्या व्हीसीडीची एमपेग-वन वाचेल. आपले मोबाइल मात्र एच-२६४ नावाच्या नव्या भाषेत लिहितात आणि अलीकडचे काही त्याहून नव्या एच-२६५ मध्ये. नव्वदच्या दशकातल्या नियमांवर चालणाऱ्या यंत्राला ही भाषा कशी कळावी? बिघाड प्लेअरमध्ये नसतो आणि फाइलमध्येही नसतो.

काही जण एक सोपा उपाय करून बघतात. फाइलच्या नावाच्या शेवटची अक्षरं बदलायची, एमपी-फोर खोडून एव्हीआय लिहायचं. याने काही होत नाही. पासबुकाला नवं कव्हर घातलं म्हणून आतली शिल्लक वाढत नाही, तसंच हे. आतलं पत्र पुन्हा लिहावं लागतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या प्लेअरचा दर्शनी भाग नीट बघणं. त्यावर फक्त "डीव्हीडी व्हिडिओ" असं चिन्ह असेल तर त्याला रीतसर डीव्हीडीच द्यावी लागेल. "डिवएक्स" असं चिन्ह आणि पेन ड्राइव्हची खाचही असेल तर काम थोडं सोपं आहे. मग व्हिडिओ डिवएक्स किंवा एक्सव्हिड या भाषेत, आवाज एमपी-थ्रीमध्ये आणि पाकीट एव्हीआयचं, अशी फाइल बहुतेक चालते. चित्राचा आकार ७२० बाय ५७६ च्या वर नेऊ नका आणि पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असू द्या. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. मात्र दुसऱ्याच्या घरी द्यायचं असेल तर रीतसर डीव्हीडीच बनवा. ती सगळीकडे चालण्याची शक्यता सर्वांत जास्त.

फाइलच्या आत कोणती भाषा आहे हे बघायलाही सोय आहे. व्हीएलसी नावाचा फुकट मिळणारा प्लेअर संगणकावर घ्या, त्यात फाइल उघडा आणि टूल्स मेनूत "कोडेक इन्फर्मेशन" बघा. चित्राची भाषा, आवाजाची भाषा, आकार, सेकंदाला किती चित्रं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. कर्ज देण्याआधी कागदपत्रं तपासतो ना, तसं हे आधी तपासावं.

आता सर्वांत जास्त घरांत अडलेली गोष्ट. आपल्याच एका सभासदांनी बाहेरच्या दुकानातून लग्नाची "डीव्हीडी" करून आणली, पैसेही मोजले. घरी लावली तर प्लेअर ती घेईना. बघितलं तर दुकानदाराने एमपी-फोर फाइल उचलून जशीच्या तशी डिस्कवर टाकली होती. ही झाली डेटा डिस्क. संगणकाला ती चालते, साध्या प्लेअरला नाही. खरी व्हिडिओ डीव्हीडी संगणकात उघडली तर "व्हिडिओ टीएस" नावाचा फोल्डर दिसतो. त्यात तीन प्रकारच्या फाइली असतात. व्हीओबी फाइलींमध्ये प्रत्यक्ष चित्र आणि आवाज असतो, त्यांचे १ जीबीपर्यंतचे तुकडे केलेले असतात. आयएफओ ही अनुक्रमणिका, कोणता भाग कुठे सुरू होतो ते सांगणारी. आणि बीयूपी ही त्या अनुक्रमणिकेची राखीव प्रत. बँकवाल्याला हे फार आवडतं! खतावणी आहे, तिची अनुक्रमणिका आहे आणि अनुक्रमणिकेची दुसरी प्रतसुद्धा आहे. पुढच्या वेळी दुकानातून डिस्क घेताना हा फोल्डर आहे का ते विचारा, मगच पैसे द्या.

आता थोडा हिशेब. घाबरू नका, एका भागाकाराचा आहे. एका थराच्या साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. ते दशमान हिशेबाने, म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक १०२४ च्या पटीत मोजतो म्हणून त्याला ते ४.३७ दिसतात. दुकानदाराने फसवलेलं नसतं. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे सुमारे ३७६० कोटी बिट. मेनू वगैरेसाठी थोडी जागा सोडून ३६०० कोटी धरू. तासाचे सेकंद ३६००. म्हणजे एक तासाचा व्हिडिओ असेल तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला १ कोटी बिट, संगणकाच्या भाषेत १० मेगाबिट येतात.

म्हणून सूत्र असं, की १० ला तासांनी भागा. दोन तास असतील तर सेकंदाला ५ मेगाबिट, तीन तासांना ३.३, चार तासांना २.५. त्यातून आवाजासाठी ०.२ काढून ठेवा, उरलं ते चित्राचं. चित्राचा दर कितीही जागा असली तरी ९.८ च्या वर जाऊ शकत नाही, तो डीव्हीडीचा नियमच आहे. मी स्वतः ८ च्या वर नेत नाही, कारण घरी लिहिलेल्या डिस्कवर त्याहून जास्त दर असला तर जुने प्लेअर अडखळतात. दोन तासांपर्यंत चित्र चांगलं राहतं. तीन तासांना पळापळीच्या दृश्यात चौकडे दिसू लागतात. चार तासांची मुंज एका डिस्कमध्ये कोंबू नका, दोन डिस्क करा. नवी डिस्क काही महाग नसते.

यात एक बारकावा बघा. मूळ फाइल किती जीबीची आहे याला इथे महत्त्व नाही. ती किती वेळाची आहे याला महत्त्व आहे. मोबाइलची १० जीबीची फाइल तासाभराची असेल तर एका डीव्हीडीवर आरामात मावते, आणि १ जीबीचा चार तासांचा व्हिडिओ मात्र दाटीवाटीने बसवावा लागतो.

पुढचा मुद्दा पाल आणि एनटीएससी. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते पाल पद्धतीने. आपल्याकडे पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ चं चित्र आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत आणि जपानमध्ये एनटीएससी, म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला सुमारे ३०. आपल्या जुन्या कॅसेटी आणि हँडीकॅमचं चित्रण २५ चं असतं, त्याची पाल डिस्क करावी. मोबाइल मात्र इथला असो की अमेरिकेतला, बहुधा ३० ने चित्रण करतो. त्याचे २५ करायला गेलं की सेकंदाला पाच चित्रं गाळावी लागतात आणि चालणारा माणूस किंचित अडखळत चालल्यासारखा दिसतो. भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती वाचतात. तेव्हा मोबाइलच्या व्हिडिओची एनटीएससी डिस्क करून बघा. फक्त फार जुना, काचेच्या नळीचा टीव्ही असेल तर चित्र काळं-पांढरं दिसू शकतं. तसं झालं तर पाल करा. सी विंगच्या आजींची मुंज मी एनटीएससीमध्ये दिली आणि त्यांच्या टीव्हीवर ती स्वच्छ दिसते.

उलट दिशेलाही हे लागू आहे. इथून मुलांना अमेरिकेत डिस्क पाठवायची असेल तर एनटीएससीच करा, कारण तिथल्या पुष्कळ प्लेअरना पाल चालत नाही. विकतच्या सिनेमांच्या डिस्कला प्रदेशाचं कुलूप असतं, भारताचा क्रमांक ५ आणि अमेरिकेचा १. घरी केलेल्या डिस्कला असं कुलूप नसतं, त्याची काळजी नको. आणि एक खुलासा. मी बोलतोय ते आपण स्वतः घेतलेल्या चित्रणाबद्दल. विकतच्या सिनेमांच्या नकला करून वाटण्याबद्दल नाही, ते कायद्याला धरून नाही.

चित्राच्या प्रमाणाबद्दलही सांगतो. जुन्या कॅसेटचं चित्र चारास तीन, आताच्या मोबाइलचं सोळास नऊ. डिस्क करताना हे बरोबर सांगितलं नाही तर वधू-वर दोघेही आडवे सुटलेले किंवा उभे ताणलेले दिसतात! आणि नातवंडांना सांगा, चित्रण करताना मोबाइल आडवा धरा. टीव्ही आडवा असतो. उभ्या चित्रणाच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच.

आता प्रत्यक्ष कृती. डीव्हीडीस्टायलर नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते उघडलं की नवा प्रकल्प सुरू करताना डिस्कचं नाव, डिस्कची क्षमता, पाल की एनटीएससी, चारास तीन की सोळास नऊ, हे विचारतं. मघाशी सांगितलेल्या गोष्टींची उत्तरं इथे द्यायची. व्हिडिओचा दर "ऑटो" ठेवला तर आपला भागाकार ते स्वतःच करतं, पण आपल्याला तो येत असला की फसगत होत नाही. मग मेनूचं चित्र निवडा. मेनू साधा ठेवा, अक्षरं मोठी ठेवा, फार तर चार बटणं. "मातृभोजन", "भिक्षावळ" अशी नावं दिली की आजींना हवं ते लगेच सापडतं. मग फाइली ओढून खालच्या पट्टीवर ठेवा आणि आधी आयएसओ फाइल तयार करा, म्हणजे डिस्कची संगणकातली हुबेहूब प्रत. याला वेळ लागतो. जुन्या संगणकावर दोन तासांच्या व्हिडिओला दोन-तीन तासही लागतात. संध्याकाळच्या फेरीला जाऊन या. आयएसओ हातात असली की पुढे कितीही डिस्क लिहिता येतात, पुन्हा रूपांतर नको. नव्या लॅपटॉपना डिस्कचा खण नसतो, त्यासाठी यूएसबीने जोडायचा बाहेरचा रायटर मिळतो.

पहिली प्रत पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर काढावी आणि ज्या घरी द्यायची त्याच प्लेअरवर लावून बघावी. फक्त सुरुवात बघू नका. मधला भाग आणि शेवटची पाच मिनिटं बघा, कारण डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि दोष बहुधा बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटी निघतो. सगळं ठीक असेल तर चांगल्या डीव्हीडी-आर डिस्कवर चार किंवा आठच्या वेगाने लिहा आणि डिस्क "फायनलाइज" करा, वर्षअखेरीला खातेवही बंद करतो तशी. नाव मऊ टोकाच्या मार्कर पेनाने वरच्या बाजूला लिहा. बॉलपेन नको आणि कागदी लेबल तर मुळीच नको, त्याने डिस्क फिरताना डगमगते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. डिस्क झाली म्हणून मूळ फाइल पुसून टाकू नका. मोबाइलच्या फुल एचडी चित्रात १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. पाल डीव्हीडीच्या चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार. म्हणजे पाच ठिपक्यांतला एकच उरतो. शिवाय प्रत्येक रूपांतरात थोडं काहीतरी जातंच. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षर फिकट होत जातं, तसं. बँकेत मूळ दस्तऐवज तिजोरीत असतो आणि कामकाजाला प्रत वापरतात. इथेही तेच करा. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या जागी, म्हणजे एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर आणि एक मुलाकडे किंवा मुलीकडे. डीव्हीडी ही बघायची प्रत.

शेवटी जुन्या कॅसेटींबद्दल बोलतो, कारण तिथे खरोखर वेळ कमी आहे. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी. तिनेही २०१६ च्या जुलैअखेर उत्पादन बंद केलं. आता जे व्हीसीआर चालू आहेत तेवढेच. आपल्या सोसायटीत माझ्या माहितीत असा एकच आहे. आणि आपल्या हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून बघा. पांढरे डाग किंवा भुकटी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. यंत्राचं हेड खराब होतं आणि त्यातून बुरशी दुसऱ्या कॅसेटला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते. चांगल्या कॅसेटसाठी कृती सोपी आहे. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरी एका छोट्या यूएसबी कॅप्चर यंत्रातून संगणकाला जोडायच्या. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या. इथे घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट संगणकात यायला तीन तासच लागतात.

आपल्या पहिल्या गणेशोत्सवाची एक कॅसेट आपल्या पहिल्या सेक्रेटरींच्या घरी होती. ते आज नाहीत. कॅसेटवर बुरशी होती. ती साफ करून घेतली, संगणकात उतरवली, पाल पद्धतीची, चारास तीन प्रमाणाची डिस्क केली. त्यात त्यांचं ११ मिनिटांचं भाषण आहे. भाषण काही मोठं नाही. टाकीचं पाणी जपून वापरा, देखभाल शुल्क वेळेवर भरा आणि जिन्यात चपला ठेवू नका, एवढंच ते बोलतात. यातलं आजही काही बदललेलं नाही! पण त्यांचा आवाज असलेली दुसरी कोणतीही वस्तू त्यांच्या घरात नव्हती. त्यांच्या पत्नी आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीने हे सांगतो. डिस्क दिल्यावर मी विचारलं, "वहिनी, लावून देऊ का?" त्या म्हणाल्या, "नको भाऊजी, मला लावता येते."

मंडळी, येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पिशवी खाली काढा. कॅसेटवर कुणाचं काय आहे ते लिहून काढा. बुरशी आहे की नाही बघा आणि फेकून देण्याआधी एकदा विचारा. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन, डिस्कच्या किमतीशिवाय काही घेणार नाही. तरुण मंडळींपैकी दोघा-तिघांनी शिकायला यावं, ही विनंती. तीन रविवारांत हे काम येतं. काम पुष्कळ आहे आणि व्हीसीआर एकच आहे.